नाकावरून नको, गालावरून

अप्पा, तुम्ही असता तर हे फोनवर सांगितलं असतं, आणि तुम्ही मध्येच तोडून विचारलं असतं, आधी जेवलास का ते सांग. जेवतो हो. नागोयाला एका इंडियन हॉटेलात तंदूर सांभाळतो. दुपारी आपली कॉम्प्युटरवाली पोरं येतात, बरीचशी पुण्याची, गळ्यात कंपनीचं कार्ड, आणि डाळीला घरची चव नाही म्हणून कुरकुरतात. नववीतून पळालेल्या मला दादा म्हणतात.

तुम्ही दारूगोळ्याच्या कारखान्यात तपासणीला होता, पण मला माप शिकवलंत ते स्वयंपाकघरात. गणपतीचा दिवस. आई मोदक वळतेय आणि तुम्ही पाटावर बसून व्हर्नियरच्या जबड्यात मोदक धरलाय. "नाकावरून मोजू नको, नाक ज्याच्या त्याच्या हातावर असतं. गालावरून मोज." मग काडतुसाचं सांगता. गोळीचं टोकही असंच कमीजास्त असतं, बंदुकीच्या नळीतल्या पिळांना आधी भिडतो तो तिचा गाल, म्हणून बुडापासून गालापर्यंतचं माप खरं. गोळी पितळी खोळीत फार आत बसली तर दारूला जागा उरत नाही, दाब वाढतो, आणि बार चालवणाऱ्याच्याच तोंडावर येतो. आई म्हणाली, "नैवेद्य दाखवायचाय, इन्स्पेक्शन नाही. ठेवा तो खाली." तुम्ही ठेवलात, पण नाक मोडलं होतं. तो मोदक मलाच मिळाला.

आमच्या हॉटेलात एक म्हातारे ओजीसान, म्हणजे आजोबा, जेवायला यायचे. डोंगरात रानडुकराच्या शिकारीला जायचे, काडतुसं घरीच भरायचे. तुमचं काम मी त्यांना मोडक्यातोडक्या जपानीत सांगितलेलं. एका हिवाळ्याच्या तोंडावर त्यांनी मला घरी बोलावलं. डोळे अधू झाले होते, व्हर्नियरवरच्या रेषा दिसेनात. बायकोचं म्हणणं, बंदूक सरकारजमा करा. यांचं म्हणणं, भरलेल्या काडतुसांची मापं बरोबर निघाली तर हा एक हिवाळा शिकारीला जाईन, नाहीतर तुझं ऐकेन. परवाना त्यांचा, म्हणून हातही त्यांचेच. मी हात पाठीमागे घेऊन नुसता आकडा वाचायचा.

त्यांच्याकडे भोकाचा एक छोटा धातूचा तुकडा होता. तो गोळीच्या नाकावरून सरकत यायचा आणि गालावर अडायचा, तिथून बुडापर्यंत मोजायचं. मला हसूच आलं, म्हटलं, अप्पांचा मोदक. पहिली काही काडतुसं बरोबर निघाली. मग एक आखूड, गोळी आत गेलेली. मग आणखी एक. मग तर लागोपाठ. त्यांनी माझ्याकडे बघून विचारलं, "दाईजोबु?" म्हणजे ठीक आहे ना. दारात त्यांची बायको उभी. इथे नाही म्हणायचं तर 'चोत्तो' म्हणजे 'जरासं' म्हणून वाक्य अर्धं सोडतात, ऐकणारा काय ते समजून घेतो. पण त्यांना समजून घ्यायचं नव्हतं, दिसत होतं मला ते. मी सरळ म्हटलं, "दामे." नाही चालणार. बापाच्या वयाच्या माणसाला.

त्यांनी काडतुसं बाजूला सारली आणि विचारलं, हे तुला कुणी शिकवलं? म्हटलं, ओतोसान, वडिलांनी. "ओतोसान गेंकी?" बरे आहेत ना? माझ्या जपानीत तेव्हा भूतकाळ नव्हताच. 'गेंकी' म्हणून मोकळा झालो.

बंदूक त्यांनी जमा केली. मला वाटलं, आता काही हा माणूस हॉटेलात येत नाही. आले. दोरीला बांधून वाळवलेली काकी, म्हणजे इथली गोड केशरी फळं, घेऊन आले, म्हणाले, ओतोसानना पाठव, आमच्याच झाडाची आहेत. तेव्हापासून दर हिवाळ्यात आणतात, आणि आधी तुमची तब्येत विचारतात. आता मला भूतकाळ बोलता येतो, अप्पा. पण तुम्ही कसे आहात असं विचारणारं इथे दुसरं कुणी नाही, म्हणून सांगत नाही. फळं मीच खातो.