बस लागते तिथपर्यंत

२ मार्च, रविवार
ज्वारी दळून आणली. दुपारी मेहुणी सुमेधा आली. १६ तारखेला तिच्या ताईचा, म्हणजे माझ्या ज्योत्स्नाचा, पहिला स्मृतिदिन. सुमेधा म्हणाली, "दाजी, या वक्ताला तुमी दोन शब्द बोला. मागल्या साली जलदान विधीला बी तुमी गपच बसल्ते." हो म्हणालो. विषय ठरवला : ज्योत्स्नाला आवडलेला अमेरिकेचा पिक्चर. अर्धा आम्ही दोघांनी पाहिला होता. उरलेला आज संपवतो. अवघड काही नाही.

सायंकाळी : पाहिला नाही. लाइट जाईल असं वाटलं. गेली नाही.

३ मार्च
पहिला अर्धा पुन्हा पाहिला. उत्तम पिक्चर. नाच नाही, मारामारी नाही. लहान गाव, रूळ, धान्याची गोदामं. आमचं नवीन जालनाच, फक्त माणसं कमी. तो टायरच्या दुकानात, ती कपडे धुण्याच्या दुकानात. गाडीत बसून चिप्स खातात. त्याचं तिच्यावर प्रेम आहे, पण तो बोलत नाही. ज्योत्स्ना म्हणाली होती, "घ्या, तुमचा भाऊ सापडला. ह्यानं बी मूग गिळलेत."
मग ती नोकरीसाठी दुसऱ्या शहराला निघते. तो स्टँडवर येतो. बस लागलेली. इथंच ज्योत्स्ना म्हणाली होती, बंद करा, दम लागून राह्यलाय, बाकीचा उद्या बघू. उद्या दवाखाना झाला.
बस दिसली की मी बंद करतो. हात गार पडतात. पंखा फार जोरात आहे.

६ मार्च
पंखा बंद करून बसलो. हात गारच. बी.पी.ची गोळी बदलून घ्यावी.
ऑफिसातला भागवत म्हणाला, "साहेब, नेटवर शोधा, शेवट जल्दी कळंल." मी म्हणालो, रसग्रहण असं होत नसतं. तत्त्वाचा प्रश्न आहे. भीतीचा नाही.

१० मार्च
सगळे दिवे लावले, दार सताड उघडं ठेवलं. बस लागली. तो खिशात हात घालून उभा. टीव्हीची वायरच उपसली. वीज वाचते.
शेजारच्या कांताबाईंनी डोकावून विचारलं, "कोणी येऊन राह्यलं का?" म्हणालो, हवा.

१५ मार्च
भाषण तयार. शेवट मीच नक्की केला : तो बोलतो. ती उतरते. रिकामी बस जाते. पिक्चरवाले वास्तववादी असले तरी एवढं तर दाखवतीलच.

१६ मार्च, रविवार
त्रिशरण-पंचशील झालं. मी उभा राहिलो. दोनदा अडखळलो, सतरंजीला सुरकुत्या होत्या. पिक्चरचं कौतुक नीट सांगितलं. शेवटी तो म्हणतो, "जाऊ नको," एवढं बोललो, पुढचं कागदावरच राहिलं. खाली बसलो. कांताबाई डोळे पुसत होत्या.
खीर वाढताना सुमेधा हळूच म्हणाली, "दाजी, तो काईच बोलत न्हाई. बस निघून जाते."
तुला काय माहीत, विचारलं.
"ताईनं दवाखान्यात माझ्या मोबाइलवर पुरा पाह्यल्ता."
माझ्याशिवाय?
"म्हणली, बिलकुल बराबर दाखवलंय. पण ह्यांना सांगू नको. भेव वाटंल त्यांना."
मी म्हणालो, भेव कशाचं?
सगळे गेले. टीव्हीची वायर अजून काढलेलीच आहे. खीर तळाला लागली होती. पातेलं घासत बसलो.