टिफिनचा खालचा डबा

बाबा, आधी हातानं काय काय केलं ते सांगतो, कारण तुम्ही आधी तेच विचारलं असतं. पुठ्ठ्यावर आखलेला कीबोर्ड, एकेक चौकोन पाऊण इंचाचा. कॉम्प्युटर मिळायच्या आधी चार महिने मी त्यावर बोटं बसवली. फॅक्टरीच्या लिलावातल्या पेटीच्या फळ्यांचं टेबल, जे अजून डुगडुगत नाही. घमापुरच्या लाकडाच्या टालासाठी, म्हणजे वखारीसाठी, घनफूट काढणारा पहिला प्रोग्राम. मग दवाखान्यांचे, गोदामांचे, दोन शाळांचे, मिळून एकतीस. त्यातले नऊ आजही चालू आहेत. चेरीतालच्या घराची वरची खोली, वायरिंगसकट. हे सगळं कॉलेजात एक दिवसही न जाता. स्क्रू मी तुमच्या टिफिनच्या खालच्या डब्यात ठेवतो. झाकणावर ठोकलेला फॅक्टरीतला तुमचा नंबर अजून वाचता येतो.

तुम्ही न पाहिलेली तुमची नात बारावी झाली. तिला सॉफ्टवेअर इंजिनिअर व्हायचं आहे. कॉलेजांची पसंती कॉम्प्युटरवर क्रमानं भरून द्यायची असते, आणि ठरलेल्या दिवसानंतर ती बदलता येत नाही. म्हणून मी तिला घेऊन कॉलेजं पाहत फिरलो. लोक इमारत पाहतात, मी लॅब पाहिली. परवानगी मागून एका मशीनवर बसायचो आणि मुलांच्या फायली तारखेप्रमाणे लावायचो. इथल्या कॉलेजात, घरापासून स्कूटरनं वीस मिनिटांवर, एसी होता, काचेचं दार होतं, आणि शेवटची फाईल आठ महिन्यांपूर्वीची. लॅबवाला म्हणाला, "भैया, बच्चों के पास अपना लैपटॉप है ना." नागपूरच्या कॉलेजात पंखा खडखडत होता, खुर्चीचा फोम बाहेर आला होता. पण शेवटची फाईल आदल्या संध्याकाळची, साडेसातची. प्रोग्राम चुकलेला होता, आणि खाली दुसऱ्याच कोणी लिहून ठेवलं होतं: इथे लूपचा एक फेरा कमी पडतो, पुन्हा बघ. त्या एका ओळीपाशी मी बराच वेळ बसलो.

तरी परतीच्या बसमध्ये नर्मदेवरचा तिलवाऱ्याचा पूल आला तेव्हा मनात मी इथलंच कॉलेज वर नेऊन ठेवलं होतं. पोर नर्मदेच्या पलीकडे जाईल, हे काही मला मोजता येत नव्हतं. घरी आल्यावर तिच्या यादीतला क्रम मी बदलला. पासवर्ड माझ्या वहीत होता.

तिनं दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघरातच विचारलं, "पप्पा, लिस्ट उलटी काहून केली?"

मी म्हटलं, "कॉलेज फक्त शिक्का मारतं. मी घरी बसून शिकलो, तूही शिकशील."

"तुमच्या वेळी आजोबांकडे पैसे नव्हते. मजबूरी थी. माझी कोणती मजबूरी आहे, ते सांगा ना."

तुमची सून पोळी लाटत होती. मान वर न करता म्हणाली, "बोला आता. एरवी तर थांबत नाही."

मी पाणी प्यायलो आणि वर निघून गेलो.

वर बसलो तर टाल आठवला. तुमच्या टूलरूमचा नियम होता, आपल्या हातचा जॉब आपण पास करायचा नाही, समोरच्या बेंचवरच्याला मोजायला द्यायचा. मी पहिला प्रोग्राम दाखवला तेव्हा तुम्ही एवढंच विचारलंत, "हे कोणी मोजलं?" मी म्हटलं, "मीच." पुढच्या सुट्टीला तुम्ही टेप घेऊन टालावर हजर. ऊन चढतं आहे, तुम्ही उकिडवे बसून एकेका ओंडक्याचा घेर घेता आहात, खडूनं सालीवर आकडे लिहिता आहात. टालवाला म्हणतो, "बाबूजी, लड़का तो इंजीनियर है, आप काहे को धूप में?" तुम्ही म्हणता, "इंजीनियर होता तो मैं घर पे सोता."

अकरा ओंडके मोजून तुम्ही आलात. "तुझं मशीन इंच खाऊन राहिलं रे."

"कॉम्प्युटर चुकत नसतो, बाबा."

"मग लाकूडच चुकलं असन."

घेर त्रेचाळीस इंच. घनफूट काढताना घेराचा चौथा भाग धरतात, तो पावणेअकरा. माझा प्रोग्राम दहा धरत होता, वरचा पाऊण सोडून देत होता. आठ फुटी ओंडक्यात पाऊण घनफुटाहून जास्त लाकूड गायब. मी महिनाभर तपासलं होतं, पण दर वेळी चारानं पूर्ण भाग जाणारेच घेर घातले होते. तुम्ही रागावला नाहीत, त्याचंच जास्त लागलं. सायकल हातात धरून चालताना एवढं म्हणालात, "वर्गात पहिल्याच दिवशी कोणी दाखवलं असतं." बाबा, ती चूक तेव्हाच दुरुस्त केली. पण त्यानंतर तीस प्रोग्राम केले, आणि प्रत्येक वेळी वाटलं की समोरच्या बेंचवर तुम्ही असायला हवे होतात. अजून वाटतं. काम संपलं की मी नकळत दाराकडे पाहतो.

काल संध्याकाळी मी यादी परत तिच्या हातात दिली. तिनं नागपूर वर घेतलं, फोनवर आलेले सहा आकडे मी वाचून दाखवले, यादी पक्की झाली. ती म्हणाली, "रागावले का?" मी म्हटलं, "पंखा दुरुस्त करायला सांग त्यांना." ती हसली. मजबुरीचं मात्र तिनं पुन्हा विचारलं नाही, आणि मीही सांगितलं नाही.

घरची परिस्थिती नव्हती, हे मी टालवाल्याला सांगितलं, लग्नाच्या बैठकीत सांगितलं, पोरीला तर लहानपणापासून सांगत आलो. पहिल्या दोन्ही वेळी तुम्ही शेजारी बसलेले होतात. एकदाही तुम्ही मला खोडलं नाहीत. खाली पाहून चहा पीत राहिलात.

ही चिठ्ठी घडी करून टिफिनमध्येच ठेवतो. स्क्रू वाटीत काढून ठेवले आहेत. डबा रिकामा केला तेव्हा तो दिवस पुन्हा दिसला. बारावीचा निकाल लागलेला, सरकारी कॉलेज चार मार्कांनी हुकलेलं. तुम्ही कामावरून आलात, हातही न धुता टिफिन उघडलात. वरच्या डब्यात अर्धी पोळी, खालच्यात पीएफमधून काढलेले पैसे, रुमालात बांधलेले, लोणच्याचा वास लागलेले. म्हणालात, "खासगीत मिळून राहिलं ना? जा, भरून ये." आणि मी म्हटलं, मला गरज नाही. गरज होती. वर्गात बसून दुसऱ्याकडून मोजून घ्यायची भीती वाटत होती. चाळीस हजार होते, बाबा.