रविवारी मोजलेला रस्ता

मंगळवार, पुणे

नाही म्हंजे नाही. आजबी रस्त्यावरच्या गाड्या मोजून देणाऱ्या आमच्या हापिसात सायबाले तेच सांगितलं. रविवारी कॉलेज बंद असते, त्या दिवशी मोजलेल्या गाड्या काय कामाच्या? बुलढाण्यात कॉलेजच्या रस्त्यावर पोरांचं मोठं होस्टेल होणार. त्यानं गर्दी किती वाढीन ते काढाचं, अन् मोजणी सुट्टीच्या दिवशी! मोजलं मीच. बुलढाण्याजवळच्या देऊळघाटचा म्हणून पुण्याहून मलेच धाडलं होतं.

कागदावर दुचाकी, ऑटो, कार, ट्रक. पायी चालणाऱ्याले रकानाच नाही. माही बहीण मनी रोज बसमधून उतरून त्याच रस्त्यानं पायी कॉलेजात जाते. त्या रविवारी माह्यासाठी डबा घेऊन आली, तेबी कडेकडेनं पायी. तिले कुठं लिहू?

सायब म्हणे, "सातवी नापास तू, मला शिकवतो? या मोजणीवर सही कर, नाहीतर उद्यापासून येऊ नकोस."

केली सही. काऊन केली?

कागद पास झाला की होस्टेलच्या बांधकामाचे रेती-विटांचे ट्रक सुरू होतीन. मनीले फोन करून म्हटलं, जपून चालजो. तर म्हणते, "कुठून चालू दादा? रस्त्याले कड तरी हाय का? उडत जाऊ?" अन् हसली. मले हसूच आलं नाही. तो नसलेला रकाना डोळ्यापुढून जात नाही.

आता तिनं ऑटोनंच जावं. त्या रविवारच्या मोजणीचे जेवढे भेटले, तेवढे सारे तिले पाठवून राह्यलो. सहाशे रुपये.