राजकन्या न्हाय म्हणते

मंगळवार, १४ ऑक्टोबर. अनगोळ.

डबिंगला आलेल्या चिनी प्रेमपटाच्या दुसऱ्या भागाचे मराठी संवाद उद्या पुण्याच्या निर्मात्याला द्यायचेत. लिहून झालेत, तरी पालखीचा प्रसंग डोक्यातून जात नाही.

पहिल्या भागात राजकन्या पुस्तकी बोलली आणि दासी आमच्या सीमाभागातल्या बायांसारखी. हशा दासीच्या बोलण्यावर. यावेळी मी राजकन्येलाच आमची बोली दिली. लग्नाची पालखी दारात, नवरदेव सेनापती घाई करतोय, आणि ती म्हणते, "मी न्हाय बसत. लई घाई असंल तर तूच बस की." आणि तो गोंधळून खरंच बसतो.

हा प्रसंग नमुना म्हणून आधी पाठवला होता. तो वाचून दुपारी निर्मात्याचा फोन आला. "राजकन्या अशी बोलते का हो?"

"चीनमधली कशी बोलते, ऐकलंय तुम्ही?"

बदला म्हणाले, नाहीतर तिसरा भाग दुसऱ्या कुणाला देऊ. मला ते काम हवंय. मग बदलू?

नेहमीप्रमाणे शेजारच्या आक्कांना वाचून दाखवलं. घरी कन्नड बोलतात, पण मराठीतलं बेगडी वाक्य त्यांना लगेच खुपतं. हसताना त्यांच्या मांडीवरच्या शेंगा सांडल्या. मग म्हणाल्या, "बदलू नगं गं. आपल्यागत बोलणारी बाई सिनेमात कायम पालखीमागनं चालतीया. एकदा तरी न्हाय म्हणू दे की तिला."

घरी येऊन एकच बदल केला. सेनापती अजून पुस्तकीच बोलत होता. आता पालखीत चढताना म्हणतो, "व्हय बाई, बसतो."

मुदतीच्या आधीच पाठवून दिलं.