नावापुरती बाई

चिंचवड,
१२ सप्टेंबर १९५७

प्रिय सुमन,

तुझं पत्र मिळालं. वाचून तशीच चुलीपाशी बसून राहिले, भात लागला तरी कळलं नाही. ‘आई, अण्णांची नोकरी वाचते आहे, तुला नुसतं नाव द्यायचंय, त्यात तुझं काय जातं?’ असं तू लिहितेस. तू! कॉलेजच्या खो-खो संघाची दोन वर्षं कॅप्टन होतीस ना गं? जावईबापूंनी लिहिलं असतं तर हसून सोडून दिलं असतं मी.

अण्णांनी तुला अर्धंच कळवलेलं दिसतंय, म्हणून सगळं सांगते. कॉलेजच्या कमिटीने ठराव केला, की मुलींच्या संघाला यापुढे बाईच शिक्षक असावी. अकरा वर्षं ज्या माणसाने संघ उभा केला, त्याला हा निरोप शिपायाच्या तोंडून! बार्शीहून ड्रिल मास्तर म्हणून आलेला हा माणूस. कॉलेजने पुण्याचं मैदान मुलांच्या क्रिकेटला देऊन टाकलं, मुलींना कोपराही ठेवला नाही, तेव्हा त्यांनी इथे स्टेशनामागे भैरू शेतकऱ्याच्या पडीक जमिनीतले दगड स्वतः वेचले आणि दोन खांब रोवले. पुण्यातल्या मोजक्या पोरी गाडीने इकडे यायच्या, बाकीच्या इकडच्याच गावांतून कॉलेजात जाणाऱ्या. ढाल जिंकून आणली तेव्हा कमिटीतले सगळे फोटोला पुढे होते, तेव्हा पुरुष कुणाला खुपला नाही. माझ्या अंगाची नुसती आग झाली. मी म्हटलं, चला, मी येते आणि विचारते त्यांना.

मला ‘तू येऊ नकोस’ म्हणून अण्णा एकटेच प्रिन्सिपॉलांकडे गेले आणि हसत परत आले. म्हणाले, “यशोदे, मिटलं. कागदावर शिक्षिका तू, शिकवणार मी.” मला न विचारता हो म्हणून आले होते. बरं, तेही मी ऐकून घेतलं. एवढंच म्हटलं, की माझ्या नावाने संघ उतरणार असेल तर मुली मी निवडीन. सुमन, टांग्यात बसलेल्या पोराने लगाम मागावा आणि थोरांनी हसावं, तसे हसले गं. म्हणाले, “तुला काय कळतं खेळातलं? तू नुसती सोबतीला येत होतीस.”

नुसती सोबतीला! संघातल्या पोरी काय आभाळातून पडल्या होत्या? चिंचवड, आकुर्डी, नदीकाठचं रावेत, सगळी घरं मी पालथी घातली. अण्णा गल्लीच्या तोंडाशी छत्री घेऊन उभे राहायचे, माजघरात जायची मी. रावेतच्या मंजुळाबाई मला काय म्हणाल्या होत्या ते तुला माहीत आहे. “बाई, तुमी संगं हाय म्हनून पोरीला धाडतो. मास्तरच्या भरवशावर न्हाई.” पोरी कॉलेजवर नाही, अण्णांवरही नाही, माझ्या शब्दावर येत होत्या. त्यांच्या साड्यांना काचे मारून दिले मी, कुणाला अडचण असली तर आज हिला बसू द्या म्हणून अण्णांच्या कानावर घातलं मी. आणि खांबाशेजारी बसून मी काय डोळे मिटून जप करत होते? दुर्गा डावीकडे वळताना अडखळते, हे घरी जेवताना मी सांगितलं, आणि दुसऱ्या दिवशी अण्णांनी ते स्वतःचं म्हणून सगळ्यांना समजावलं. तेव्हा मला त्याचं कौतुक वाटलं होतं. आता राग येतो, आणि तेव्हा का आला नाही म्हणून स्वतःचाही येतो.

अण्णा वाईट नाहीत. त्यांच्यावर झाला तो अन्यायच, आणि कमिटीला मी कधी माफ करणार नाही. पण त्यांच्यावरचा अन्याय माझ्या पदराखाली झाकून टाकायचा, ही कुठली रीत? शनिवारी मी एकटी प्रिन्सिपॉलांकडे गेले. सांगितलं, नाव माझं असेल तर कामही माझंच. बाई हवी असा ठराव तुम्हीच केलात, मी बाई आहे. त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा पुसला, आणि बरं म्हणाले. तेव्हापासून अण्णा माझ्याशी बोलत नाहीत. पान वाढलं की जेवतात आणि उठतात.

काल मी खुंटीवरची शिट्टी घेतली आणि मैदानावर गेले. पहिल्यांदा फुंकली तर नुसती हवा निघाली. पोरी हसल्या, मीही हसले. मग खो मिळाल्यावर पाटीवरून उठायचं कसं ते दाखवायला गेले, तर चप्पल सटकली आणि गुडघा फुटला. तेवढ्यात भैरू धावत आला. “बाई, सर बाभळीखाली हुबं हायती. आत बलवू का?” मी नको म्हटलं. जीव तुटला, पण नको म्हटलं. खांबावर सूर कसा मारायचा हे अण्णांइतकं कुणाला येत नाही, मला तर मुळीच नाही. मला ते हवे आहेत. पण पोरींसमोर मला विचारून त्यांनी आत यावं. मी अकरा वर्षं न विचारता त्यांच्यासाठी उभी होते, त्यांना एकदा विचारायला काय हरकत आहे?

तेव्हा माझी समजूत घालायला तळेगावाहून येऊ नकोस. हे पत्र त्यासाठी नाही. तुझे कॅनव्हासचे बूट तू सासरी ट्रंकेत नेले होतेस, लग्नापासून ते बाहेर निघाले नसतील. आपला पाय एकाच मापाचा आहे. कुणी इकडे येणारं असेल त्याच्या हाती ते दे, मी सोमवारी घालीन. आणि ट्रंक उघडल्यावर ते कुणाला देववले नाहीत, तर पायांत घालून तूच ये. सूर मारायला अण्णांनी तुलाही शिकवलंय.

तुझीच,
आई