गाय, पायरी आणि न्हाव्याचा आरसा

नेदर ऑलकोट, वाय नदीकाठ
९ जून १७८८

आदरणीय भावोजी,

धाकट्या मेहुण्याचा इथूनच वाकून नमस्कार. आपल्या अंगठ्याची सूज उतरली का? आमच्या केझायाताईची दाढ काढली की अजून लवंगेवरच भागवणं चाललंय? इथे सगळे खुशाल आहेत. सफरचंदांना बहर भरपूर आहे, माझा आवाज मात्र बसला आहे. (चर्चचा कारकून म्हणून भजनाची सुरुवात मलाच करावी लागते. गेले तीन रविवार पाद्रीसाहेब माझ्याकडे दयेनं पाहतात आणि स्वतःच सुरू करतात.) आवाज का बसला तेच सांगायला हे पत्र. आपण लंडनात पुस्तकं बांधता, कोरीव चित्रं रोज आपल्या हाताखालून जातात, तेव्हा आपण हसाल. पण आम्ही असलं काही आयुष्यात पाहिलं नव्हतं.

गेल्या उन्हाळ्यात तुमच्या लंडनचे एक चित्रकार, मिस्टर व्हर्गो, आमच्या गावात आले होते. अंगानं इतके किडकिडीत की वारा सुटला की छत्री त्यांना धरून ठेवायची. तीन दिवस नदीकाठी तिपाईवर बसून त्यांनी गाव कागदावर उतरवलं, मला मधोमध उभं केलं आणि निघून गेले. ते चित्र त्यांनी स्वतःच तांब्याच्या पत्र्यावर कोरलं आणि त्याचा एक छाप लेंटच्या उपवासांच्या दिवसांत सामानाच्या घोडागाडीवाल्याबरोबर पाद्रीसाहेबांकडे आला. प्रार्थनेनंतर साहेबांनी तो चर्चच्या मागच्या खोलीतल्या टेबलावर पसरला आणि हुकूम सोडला, आधी सर्वांनी हात धुवावेत. भावोजी, आमच्या गावानं रविवारी दुपारी हात धुतले! एवढ्यावरून ओळखा.

काय सांगू तुम्हाला. आमचं चर्च, आमची नदी, आमचे डोंगर, सगळं दीड वीत कागदावर, आणि त्यात रंगाचा एक थेंब नाही. नुसती काळी रेघ. पण त्याच रेघेचा ढग झालेला, त्याच रेघेचं गवत, आणि पाणी तर जिथे काहीच कोरलेलं नाही तिथेच चमकत होतं. आमचा लोहार जोब हारबॉटल धातूपुढे कधी मान तुकवत नाही. तो पाद्रीसाहेबांचं भिंग घेऊन चर्चच्या मनोऱ्यावरच्या रेघा मोजायला बसला. शंभराच्या पुढे गेला की चुकायचा. तीनदा चुकला. मग त्यानं भिंग खाली ठेवलं, टोपी काढली आणि हळूच म्हणाला, "हे माणसाच्या हातानं केलंय. तांब्यात. एक शिंक आली असती तर मनोरा दुभंगला असता." त्यानंतर बराच वेळ कुणी शिंकलं नाही.

तेवढ्यात टॅबिथा गॉफ ओरडली. (टॅबिथा म्हणजे नदीकाठच्या कुरणाची मालकीण. नवरा जाऊन अकरा वर्षं झाली, गुडघे दोन्ही गेलेले, जीभ शाबूत.) तिची लाडकी गाय डॅमसन गेल्या हिवाळ्यात मेली. ती चित्रात गुडघाभर पाण्यात उभी होती, नाकपुडी ओली, कान माशीसाठी टवकारलेला. टॅबिथा रडायला लागली आणि रडता रडता एकदम थांबली.

"हिचं डावं शिंग मोडलं होतं. इथे उजवं मोडलंय. ही माझी डॅमसन नव्हे!"

मग सगळ्यांचेच डोळे उघडले. चर्च नदीच्या भलत्याच काठावर. गिरणीचं चाक भलत्या बाजूला. माझी काठी डाव्या हातात. कुणी म्हणालं चित्रकार प्यायलेला होता, कुणी म्हणालं लंडनचेच लोक असे. शेवटी लोहारानं उलगडा केला. मोहोर लाखेवर उलटी उमटते, तसंच हे. पत्र्यावर उलटं कोरावं तेव्हा कागदावर सुलटं येतं, आणि या साहेबांनी तो खटाटोप वाचवलेला दिसतो. (चित्राखालचं नाव तेवढं सरळ होतं. ते कोरणारा माणूस वेगळा असतो म्हणे.) यावर आमचा न्हावी सायलस मीक तडक घरी गेला आणि दाढीचा आरसा घेऊन आला.

भावोजी, त्या आरशात आमचं गाव होतं. अगदी आमचं. चर्च जागच्या जागी, चाक जागच्या जागी. टॅबिथानं डॅमसनच्या डाव्या शिंगाला काचेवरून बोट लावलं आणि म्हणाली, "आलीस गं बाई."  माझ्या अंगावर काटा आला. खरं सांगतो, आत्ता लिहितानाही येतोय.

आता मुद्द्याचं. आमचे जमीनदार मिस्टर क्रेल यांनी मार्चमध्ये नदीकाठची पाऊलवाट काटेरी कुंपण घालून बंद केली. तिथे वाट कधी नव्हतीच, असं त्यांचं म्हणणं. त्या वाटेनं आमच्या बाया पिढ्यान् पिढ्या गिरणीवर जात आल्या. ती बंद झाल्यावर टॅबिथाला त्या गुडघ्यांवर धान्याची पिशवी घेऊन दोन मैलांचा वळसा पडायचा. आणि आता आरशात, क्रेलसाहेबांच्या जमिनीच्या कडेला, जुनं कुंपण ओलांडायची लाकडी पायरी स्पष्ट दिसत होती, आणि तिच्यावर मी रेललेला! पायरी आहे म्हणजे वाट आहे. सगळं गाव चित्र, आरसा आणि मला घेऊन न्यायाधीश मिस्टर डेक्रे यांच्यापुढे सरायच्या माडीवर हजर झालं.

क्रेलसाहेबांनी चित्र पाहिलं आणि हसले. "पायरी तर या बाईंच्याच कुरणात आहे. त्यांनी खुशाल चढावं-उतरावं."

"आरसा दाखव रे त्यांना," टॅबिथा म्हणाली, "तोंड बघायला नको, चित्र बघायला."

सायलसनं आरसा धरला. डेक्रेसाहेब वाकले आणि वाकलेच. आम्ही वाट पाहतोय. बऱ्याच वेळानं ते म्हणाले, "हा ढग. यात पाऊस आहे. रेघेत पाऊस कसा भरला यानं?" त्यांच्या कारकुनानं खाकरून त्यांना खटल्यावर आणलं. मग त्यांनी मला विचारलं, "पायरीवर रेललेला हा तूच का?" मी म्हणालो, "हो साहेब, मीच." झालं. कुंपण काढायचा हुकूम सुटला. क्रेलसाहेबांना त्याचं फारसं वाईट वाटलेलं दिसलं नाही. ते आरशात स्वतःची हवेली शोधत होते. ती एका झाडामागे होती, डॅमसनच्या कानाएवढी.

त्या दिवशी आम्ही वाटेनं गात गेलो, म्हणून आवाज बसला. टॅबिथा सर्वांत पुढे होती आणि अर्ध्या वाटेवर थांबून सगळ्यांना "सावकाश या रे" म्हणत होती. चित्र आता चर्चच्या मागच्या खोलीत चौकटीत लावलंय. मी रोज झाडलोट करताना त्याच्यापुढे उभा राहतो आणि रोज त्यात मला एखादा नवा पक्षी सापडतो.

ताईला माझे आशीर्वाद पोचत नाहीत, ती मोठी आहे, म्हणून नमस्कारच सांगा.

आपला आज्ञाधारक,
एफ्राइम टकवेल

ता.क. आरसा चित्रासमोर कायमचा टांगल्यामुळे सायलस आता चर्चच्या मागच्या खोलीतच दाढ्या करतो. पाद्रीसाहेब म्हणतात, निदान तेवढ्यासाठी तरी माणसं येतात.

ता.क. दुसरा. हे पत्र ताईखेरीज कुणाला वाचून दाखवू नये. वाट होती, भावोजी, देवाशपथ होती. पायरी नव्हती. तिथल्या जुन्या कुंपणात नुसती फट होती. चित्र काढायच्या दिवशी दोन तास उभा राहून माझे पाय भरून आले, तसं मी व्हर्गोसाहेबांना सांगितलं. ते म्हणाले, "मग रेला ना." मी म्हणालो, "कशावर?" ते म्हणाले, "थांबा, तुम्हाला काहीतरी देतो," आणि कागदावर चार रेघा मारल्या. डेक्रेसाहेबांनी मला पायरीबद्दल काही विचारलं नाही, माझ्याबद्दल विचारलं, आणि तो मीच होतो. हुकूम झाल्यावर सुतारानं घाईघाईनं चित्रात पाहून पायरी बसवली. आरशात पाहायचं विसरला, त्यामुळे ती उलटी झाली आहे आणि सगळेच चुकीच्या पायानं चढतात.

ता.क. तिसरा, आणि खरं काम. व्हर्गोसाहेबांचं पत्र आलंय, ऑगस्टमध्ये ते पुन्हा चित्र काढायला येणार आहेत. आपण त्यांच्या घरी जाऊन त्यांना गाठावं. आधी पायरीबद्दल तोंड बंद ठेवायला सांगावं. मग, ते खुशीत असतील तर, गावातर्फे एवढंच विचारावं, की नदीवर एखादा पूल काढता येईल का. साधा लाकडी असला तरी चालेल.