मले झेपन असा कोच

९ जानेवारी २००६
पोलीस भरतीचा फॉर्म भरला. ग्राऊंड, म्हणजे धावाची परीक्षा, २० मार्चले, यवतमाळले. मागच्या दोन खेपा काहून नापास झालो याचा शांत डोक्यानं इचार केला. कारण सापडलं. आपल्याले कोच नव्हता. बाकी आपल्यात काही कमी नाही.
बाबा म्हणे, संघर्ष, औंदा नोकरीले लाग गड्या. तू लागला की वावर मक्त्यानं, वर्षाच्या ठोक पैशावर, देऊन टाकतो अन् मी मोकया. तीस वर्ष झाले वाकून वाकून एकेक सरकी मातीत टोबून. घरात कापूस आढ्यापर्यंत भरला हाय, बाजारात भावाचा पत्ता नाही. बाबा त्याच्यावरच झोपते अन् रातभर खाजवते.

१० जानेवारी
कोच निवडाचा म्हणजे सोयरीक जुळवल्यावाणी हाय. घाई नोको. अटी ठरवल्या. सातच्या आधी उठवाचं नाही. चारचौघात मायवरून बोलाचं नाही. थंडी असली तं सुट्टी.

१४ जानेवारी, सकायी ४.१०
उठल्याचा टाइम मुद्दाम लिहून ठेवतो. पुरावा.
पहिला कोच, लखीराम फौजी. तांड्यावर राह्यते, मिलिटरीतून रिटायर. शिट्टी वाजली की पोट्टे तलावाले पाच चक्कर मारते. मी जरा ट्रायल घेतली. त्याच्या शिट्टीत सरकीचा दाना घातला. फौजीनं जोर लावून फुंकलं तं नुसतं फुस्स. पोट्टे हासून हासून लोयले. फौजी म्हणे, कोन बे? कोणी नाव घेतलं नाही, पण सारे माह्याकडंच पाहून राह्यलते. मले बेडूकउड्या. अर्धा तलाव.
रिजेक्ट. ज्याले हासता येत नाही तो काय शिकवन?

१५ जानेवारी
मांड्या गेल्या. माय म्हणे, बायतीनीवाणी काहून चालून राह्यला? म्हणलं ट्रेनिंग. म्हणे मंग वावरात चाल, दोन ओट्या कापूस वेच. म्हणलं वाकताच येत नाही. चला, ट्रेनिंगचा हा एक फायदा.

२७ जानेवारी
मारेगावले गेलतो, घनश्याम सरच्या अकॅडमीत. दारावर मोठा बोर्ड, 'आमचे यशस्वी विद्यार्थी'. पासपोर्टवाले बावीस फोटो, खाली नाव अन् कुठी लागला ते. सरनं मले दोन चक्कर धावाले लावलं, घड्यायाकडं पाह्यलं अन् म्हणे, तुह्याहून तं नेरची यष्टी टाइमवर येते. अजून म्हणे, सहा महिने लागन, पुढच्या भरतीले ये.
तोंडावर बोलनारा कोच आपल्याले चालत नाही. कॉन्फिडन्स जाते.
निंगतानी बोर्डावर तेविसावा फोटो लावला. माहा. डब्यातल्या भाताच्या शितानं. खाली पेनानं लिहिलं, 'संघर्ष डोमाजी, मुंबई पोलीस'. लयच शोभला.

३१ जानेवारी
घोटाया.
बाबा मारेगावले कापसाचा भाव इचाराले गेलते. भाव राह्यला, बोर्ड दिसला. येतानी बुंदीचा पुडा. डोये लाल. म्हणे, सांगतलं काहून नाही बे? मी सांगाले तोंड उघडलं तं मायनं त्याच्यात बुंदी कोंबली. म्हणलं, बाबा, ग्राऊंड व्हाचंच हाय. म्हणे, ग्राऊंडले तं नुसतं सही कराले बलावते, मले नोको शिकवू, बोर्डावर चढलं म्हणजे झालं.

२ फेब्रुवारी
आज सांगाचंच होतं. पण बाबानं सकायीच तांड्यावरच्या किसनसिंगले वावर मक्त्यानं द्याचं पक्कं केलं. म्हणे, तीस वर्षात पहिल्यांदा जून महिन्यात झोपून राहीन.
आता सांगून काय फायदा? लागूनच दाखवतो. कोच पाह्यजे. अर्जंट.

८ फेब्रुवारी
सापडला! देवसिंग. त्याच तांड्यावरचा. ट्रॅकसूट, काया चष्मा, बोलनं एकदम इंटरनॅशनल. म्हणे, धावते तं बकरी बी. खरी गोष्ट रेस्ट. आठ वाजता ये, नाश्ता करून.
हा मानूस माह्यासाठीच जन्मला.

२० फेब्रुवारी
रेस्ट चालू. देवसिंग म्हणे, डोये मिटून ग्राऊंड पाह्य. पाह्यलं. पहिला आलो.

५ मार्च
गावातले पोट्टे मले साहेब म्हणून राह्यले. एकानं तं भावासंगच्या भांडनात मधात पडाले बलावलं. गेलो बी.

१२ मार्च
म्हणलं, देवसिंगभाऊ, आता तरी एकदा धावून पाहू? म्हणे, ताकद वाचव. वाचवून राह्यलो. आंगात लय जमा झाली हाय. पँटचं बटन लागत नाही.

१९ मार्च
बाबानं बूट पालिश करून ठेवले. माह्या देखत नाही. मी झोपलो हाय असं समजून.

२० मार्च, यवतमाळ, दुपार
लाइनीत माह्या पुढं देवसिंग. छातीवर नंबर. म्हणलं भाऊ, कोचले बी नंबर देते काय? म्हणे, पाचवी खेप हाय बे. आखरी. वय संपलं. म्हणलं, मंग मले कायले शिकवून राह्यलता? गॉगल काढून पुसला. म्हणे, एकट्याले मैदानात जाव वाटत नव्हतं.
शिट्टी झाली. मी दुसऱ्या चक्करात बसलो. तो तिसऱ्यात. कोच शेवटी कोच असते.
फौजीचे चार पोट्टे पार झाले.

२१ मार्च
बाबाले सांगतलं. बोर्ड, शीत, सारं. म्हणलं मजाक केलती. वाटलं हानन. हानलं असतं तं बरं झालं असतं. बाबानं चप्पल घातली अन् किसनसिंगच्या घरी गेले, वावर वापस मांगाले. मी दारातच उभा.

२३ मार्च
किसनसिंग भला मानूस. दिलं म्हणे. नसतं दिलं तं?

२ एप्रिल
चूक कुठी झाली ते समजलं. लोकल कोच. पुढच्या खेपेले नागपूरचा पाहीन.

१९ जून
टोबन चालू. बाबा दोरी धरून पुढं, मी सरकी टोबत मांगं. दुपारपर्यंत निम्मं वावर झालं. सरकीचं तास एकदम सरय, एका रांगेत. बाबानं मांगं वयून पाह्यलं. म्हणे, हात बसला बे तुहा.
मंग दोरी उचलून पुढच्या तासाले लागले. औंदा जून महिन्यात झोपून राह्यनार होते.